ताट अश्मयुगाचं, रेशन आजचं

आमच्या शेलारच्या बचत गटाची बैठक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी असते. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. हप्ते गोळा करून झाले होते, वहीवर सह्या चालल्या होत्या आणि भिंतीला टेकून बसलेल्या एक वहिनी एकदम घामाघूम झाल्या. हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. कुणी म्हणालं बीपी, कुणी म्हणालं दृष्ट! गटात एक आशा कार्यकर्ती आहे म्हणून बरं. तिने पहिला प्रश्न केला, "वहिनी, सकाळी शुगरची गोळी घेतलीत का?" घेतली होती. "आणि खाल्लंत काय?" दोन अंडी, काकडी आणि मूठभर बदाम. "भाकरी?" तर म्हणाल्या, "आठ दिवस झाले, बंद केलीय."

वहिनी शुद्धीत होत्या, गिळता येत होतं, म्हणून लगेच पेलाभर पाण्यात तीन-चार चमचे साखर घालून घोट घोट दिली. दहा-पंधरा मिनिटांत त्या सावरल्या. मग रिक्षातून डॉक्टरांकडे. रक्तातली साखर वाढली नव्हती, पार खाली गेली होती.

भाकरी का सोडली, हे नंतर कळलं. मुंबईला ऑफिसात जाणाऱ्या भाच्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला होता. 'पॅलिओ डाएट' म्हणजे आदिमानवाचं जेवण. माणूस लाखो वर्षं शिकार करून, कंदमुळं-फळं खाऊन जगला, तेव्हा मधुमेह नव्हता. मग शेती आली, धान्य आलं आणि रोग आले. तेव्हा धान्य सोडा, शुगर पळेल! वहिनींना ते पटलं. मलाही ऐकताना घटकाभर पटलंच, खोटं कशाला बोलू?

तर मैत्रिणींनो, हे प्रकरण आहे तरी काय? अमेरिकेत वॉल्टर व्होग्टलिन नावाच्या पोटाच्या डॉक्टरांनी १९७५ साली अश्मयुगीन आहारावर पुस्तक लिहिलं. १९८५ मध्ये बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या दोघांनी हाच विचार वैद्यकीय नियतकालिकात मांडला. २००२ साली लॉरेन कॉर्डेन यांचं पुस्तक आलं आणि त्याची लाट झाली. पुढे २००९ च्या सुमारास मार्क सिसन यांनी 'प्रायमल' नावाचा थोडा सैल प्रकार काढला. त्यात थोडंफार दूधदुभतं चालतं. मूळ पॅलिओत चालतं ते मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, सुकामेवा. चालत नाही ते म्हणजे गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, सगळ्या डाळी, कडधान्यं, दूध, दही, साखर. शेंगदाणेसुद्धा नाहीत, कारण ते शेंगेतले, म्हणजे कडधान्याच्या कुळातले. आता सांगा, आपल्या ताटातून भात, भाकरी, वरण, उसळ, ताक, कूट आणि चहातली साखर काढली तर उरलं काय? लिंबाची फोड आणि मीठ!

आता गंमत बघा. गोड खाऊ नका म्हणायचं, आणि त्याच आहारातल्या खाऊची वेगळी पुस्तकं. बदामाच्या पिठाचा केक, खोबऱ्याच्या पिठाची बिस्किटं, खजूर कुटून केलेले गोळे, मधात घोळवलेले अक्रोड. एका नातेवाइकांकडे मुलाच्या वाढदिवसाला असा केक खाल्ला. चव छान होती. पण एक किलो बदामाच्या पैशांत आमच्यासारख्या घरात महिन्याची डाळ येते, हे काही मनातून जाईना. खजूर-खोबऱ्याची वडी आपण आधीपासून करतोच की, तिला फक्त इंग्रजी नाव नव्हतं. आणि खजूर झाला तरी साखर ती साखरच. वहिनींनी 'शुगर फ्री' म्हणून असे चार-चार लाडू खाल्ले असते तर उलटंच व्हायचं.

खरं म्हणजे पॅलिओ आपल्याला नवं नाही. वर्षातून एक दिवस आपल्या आयांनी, सासवांनी ते पाळलंय. ऋषिपंचमी! गणपती बसले की दुसऱ्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही, डाळ नाही. परसातला अळू, सुरण, भोपळा, शिराळं, पडवळ, माठ, मक्याचं कणीस, कच्चं केळं, आंबटपणाला चिंच किंवा अंबाडी, अशी ऋषीची भाजी एका मोठ्या पातेल्यात शिजते. तेल-फोडणी नाही. काही घरांत आपोआप उगवलेल्या भाताचे तांदूळ जपून ठेवलेले असायचे. या व्रतामागे सांगतात ती विटाळाच्या दोषाची कथा मला कधीच मान्य झाली नाही. पाळी हा काही दोष नव्हे, आणि त्याचं प्रायश्चित्त बाईने घ्यावं हे तर त्याहून नाही. पण ती भाजी मात्र मी दरवर्षी करते, आणि घरातले पुरुषही दोन-दोनदा वाढून घेतात. आपल्या आजीला ठाऊक होतं की हे एका दिवसाचं जेवण आहे. पुढे गौरी येणार असते, नैवेद्याला भाकरी-भाजी लागतेच.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आदिमानव धान्य खातच नव्हता, हे तरी खरं का? इटलीत सापडलेल्या सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीच्या दगडी पाट्या-वरवंट्यांवर वनस्पती दळल्याच्या पिठाचे कण मिळाले आहेत. जॉर्डनमध्ये चौदा हजार वर्षांपूर्वीच्या चुलीत जळक्या भाकरीचे तुकडे सापडले, म्हणजे शेती सुरू होण्याच्याही चार हजार वर्षं आधीचे! २०१८ साली ते प्रसिद्ध झालं. म्हणजे रानात मिळालेले दाणे गोळा करून दळणं-भाजणं तेव्हाही चालू होतं, आणि ते कोण करत असेल हे सांगायला हवं का?

इतकं लांब कशाला, आपल्या पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून तिथे बरीच वर्षं खोदकाम केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव निघालं. सातू, गहू, मसूर, कुळीथ ही त्यांची पिकं. सोबत गाई-बैल, शेळ्या-मेंढ्यांची हाडं आणि हरणांचीही. म्हणजे त्यांच्या ताटात कुळथाचं कढणही होतं आणि शिकारही. पुढे इसवी सनापूर्वी हजारच्या आसपास पाऊस कमी झाला, शेती खालावली, तेव्हा तीच माणसं जनावरं पाळण्याकडे, शिकारीकडे जास्त वळली. जे मिळेल ते खाऊन माणूस तगला. आहाराचं पुस्तक हातात घेऊन कुणी बसलं नव्हतं.

तरीही या आहाराला नुसतं हसून सोडून द्यावं असं नाही. त्यातल्या काही गोष्टींना आधार आहे. स्वीडनमध्ये पाळी गेलेल्या, वजन जास्त असलेल्या ७० बायकांवर दोन वर्षं अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या बायका पॅलिओ जेवल्या, निम्म्या तिथल्या सरकारी शिफारशीप्रमाणे. सहा महिन्यांनी पॅलिओवाल्यांची चरबी जास्त उतरली होती. दोन वर्षांनी मात्र दोन्ही गटांत चरबीचा मोठा फरक राहिला नाही. रक्तातली एक प्रकारची चरबी तेवढी पॅलिओवाल्यांची कमी राहिली. आणि त्याच बायकांच्या तपासणीत पुढे दिसलं की पॅलिओ गटात आयोडीन कमी पडत होतं. चाळिशी-पन्नाशीच्या बायकांनी हे लक्षात ठेवावं, कारण याच वयात थायरॉइडच्या आणि हाडांच्या तक्रारी सुरू होतात. अशा वेळी दूध-दही बंद करून कॅल्शियम कुठून आणायचं?

आणि आपल्याकडे शुगरचा प्रश्न खोटा नाही. आयसीएमआरचा मोठा अभ्यास २०२३ मध्ये आला. देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आणि आणखी साडेतेरा कोटी उंबरठ्यावर. त्याच अभ्यासातला आहाराचा भाग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण दिवसभरात जेवढी ऊर्जा खातो त्यातली ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येते, म्हणजे भात, पोळी, साखर यांतून. प्रथिनं जेमतेम १२ टक्के. आणखी एक गोष्ट त्यात आहे. नुसता पांढरा तांदूळ सोडून तेवढीच गव्हाची किंवा भरड धान्याची भाकरी खाल्ली, तर मधुमेहाचा धोका काही कमी दिसत नाही. धान्याचा वाटा थोडा कमी करून त्या जागी डाळ, दूध-दही यांतली प्रथिनं आली, तर फरक दिसतो.

बघा म्हणजे! ज्या दोन गोष्टी आपल्या आवाक्यात आहेत, वरण आणि ताक-दही, त्याच या पॅलिओने ताटाबाहेर काढल्या आहेत. धान्य कमी करा, हे त्याचं अर्धं म्हणणं बरोबर. पण आमच्या वहिनींनी भाकरीबरोबर डाळही सोडली. अंडी पोटभर परवडेनात, म्हणून काकडीवर भागवलं. वर शुगरची गोळी पहिल्याच मात्रेत चालू. काही गोळ्या शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. डॉक्टरांनी ती मात्रा दोन वेळच्या भात-भाकरीच्या जेवणावर ठरवलेली असते. जेवण अर्ध्यावर आणलं आणि गोळी तीच ठेवली, तर साखर धाडकन खाली येणारच. गोळी आपल्या मनाने बंद करणंही तितकंच वाईट. जेवणात बदल करायचाय, तर आधी डॉक्टरांना सांगायचं. एवढं एक वाक्य त्या व्हिडिओत नव्हतं.

२०१८ च्या सुमाराला डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळा जेवण्याने अख्खा महाराष्ट्र ढवळून निघाला होता, आठवतंय ना? ५५ मिनिटांत जेवण उरकायचं, मध्ये काही नाही. दुसरीकडे ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोड्या थोड्या वेळाने खा, आपल्या मातीतलं खा, भात-तूप सोडू नका. घराघरांत दोन पक्ष पडले होते. तेव्हाही माझ्या मनात एकच यायचं, हे दोन्ही ज्याच्या फडताळात निवड करायला काही आहे त्याच्यासाठी. आमच्याकडे लूमवर बारा बारा तासांची पाळी करणारा माणूस घरी येतो, तेव्हा पोट भरणारं, स्वस्त आणि पटकन होणारं एकच, ते म्हणजे भात.

आणि हा भात येतो कुठून? रेशनमधून. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला पाच किलो धान्य, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. भुकेच्या वेळी याने किती घरं तरली हे लॉकडाऊनमध्ये मी डोळ्यांनी पाहिलंय, त्याला नावं ठेवणार नाही. पण या पिशवीत डाळ नसते. २०२२ च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' सुरू झाला, शंभर रुपयांत रवा, हरभराडाळ, साखर आणि पामतेल. सणापुरतं बरं वाटलं. पण त्यातही डाळ एक किलो आणि बाकीचं गोडाचं-तळणाचं सामान! एका हाताने धान्य-साखर-तेल द्यायचं आणि दुसऱ्या हाताने लठ्ठपणा कमी करा, तेल दहा टक्के कमी करा म्हणायचं. २०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये ते आवाहन केलं होतं. आवाहन योग्यच आहे. पण त्या दहा टक्के तेलाच्या जागी काय घालायचं, हे पण कुणीतरी सांगायला हवं.

अंड्याचंच घ्या. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं. साठ किलो वजनाच्या बाईला दिवसाला पन्नासेक ग्रॅम लागतात. पाच माणसांच्या घरात रोज माणशी दोन अंडी म्हटली, तर दिवसाला दहा, महिन्याला तीनशे. अंडं सात रुपयांना धरलं तरी एकवीसशे रुपये झाले! हे परवडणारी घरं आमच्या आळीत बोटांवर मोजावीत. आणि शाळेत? २०२३ च्या शेवटी राज्य सरकारने पोषण आहारात मुलांना आठवड्यातून एक अंडं सुरू केलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे थांबवले. लोकवर्गणीतून द्यायचं असेल तर द्या म्हणाले. शहरात लोक दिवसाला सहा अंडी खाऊन आदिमानव व्हायला निघालेत, आणि आमच्या पोरांना आठवड्याचं एक मिळेना. आदिवासी भागात २०१५ पासून 'अमृत आहार योजने'त गरोदर आणि बाळंतिणींना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं, मुलांना अंडी मिळतात. ते टिकलं पाहिजे, यासाठी बोलणाऱ्या बायका ग्रामसभेत हव्यात. ग्रामसभेला आपण जातो का, हा प्रश्न मी मलाही विचारते.

आता घरातलं बोलू. आहार नवऱ्याचा असला की बाई त्याचं वेगळं करते. त्याला कोंबडी उकडून, सॅलड कापून. मुलांना पोळी-भाजी. सासूबाईंना मऊ भात. आणि स्वतः? कालचा भात फोडणीला टाकून, लोणच्याबरोबर उभ्या उभ्या! मागच्या वर्षी मी गटातल्या बायकांना सहज विचारलं, काल कोणकोण डाळ किंवा अंडं किंवा मासळी ताटात वाढून घेऊन जेवलं? हात फार थोडे वर आले. बऱ्याच जणींनी घरात ते केलं होतं, पण त्यांच्यापर्यंत रस्सा पोचला होता, तुकडा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याच पाहणीत २४ टक्के बायकांचं वजन जास्त होतं. मला वाटायचं, लठ्ठ बाई म्हणजे खाऊन-पिऊन सुखी. तसं नाही. एकाच बाईचं वजन जास्त आणि रक्त कमी असू शकतं. भाताने पोट भरतं, रक्त भरत नाही.

आमच्या शेलारपुरतं सांगायचं तर आदिमानवाकडून घेण्यासारखं आपल्या दाराशीच आहे. पहिला पाऊस पडला की भिवंडीच्या बाजारात आदिवासी बायका शेवळं, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली घेऊन बसतात. शेवळाला काकडाची फळं घालायची, नाहीतर घसा खाजतो, हे ज्ञान त्या जुडीबरोबर फुकट मिळतं. हल्ली कृषी खातं रानभाजी महोत्सव भरवतं, छानच. पण बाजारातल्या त्या मावशीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करायची आणि बदामाच्या पिठाचे मुकाट्याने मोजायचे, हे मला पटत नाही. एक मात्र सांभाळा, रस्त्याकडेचा, नाल्याकाठचा टाकळा खुडू नका. भिवंडीच्या आसपास भातशेतीवर गोदामं उभी राहिली, ट्रकची रांग दिवसरात्र, तिथलं काय खाणार? आमच्या कामवारी नदीतली मासळी तरी आता कोण विश्वासाने खातं?

मग उरतं सुकं. आगरी-कोळी घरात डब्यात जवळा, सुकट, बोंबील असतातच. वाळल्यामुळे पाणी गेलेलं, प्रथिनं एकवटलेली, मूठभरात पाच माणसांची चटणी होते. मीठ जास्त असतं, म्हणून धुऊन घ्यायचं, आणि बीपीवाल्यांनी जपून. शाकाहारी घरात कुळीथ आहे, वाल आहे, मटकी आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेने जे ताट सांगितलं, त्यात दिवसाला धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्य किंवा अंडं-मांस मिळून ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, तेल-तूप २७ ग्रॅम असा हिशेब आहे. मी एक दिवस घरातला तराजू काढून आमचं ताट मोजलं. धान्य जवळपास दुप्पट भरलं, भाजी निम्मी. तेलाचं सांगत नाही, लाज वाटते!

वहिनींची गोळी डॉक्टरांनी कमी केली आणि त्यांना लिहून दिलं, दोन्ही वेळेला एक भाकरी, भात वाटीभरच, वरण घट्ट. घरी भाच्याने पुन्हा विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, तुझा तो आदिमानव दिवसभर रानात फिरायचा. मी दिवसभर चुलीपुढे." मग त्यांनीच ठरवलं, संध्याकाळी नदीनाक्यापर्यंत चालत जायचं. एकटीने जायला संकोच वाटतो, म्हणून गटातल्या चौघी त्यांच्याबरोबर निघतात. मीही जाते, जमेल तशी. रस्त्यावर ट्रकच्या धुराने डोळे चुरचुरतात, दिव्याचे दोन खांब बंदच असतात, त्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय. गेल्या बैठकीला वहिनींनी सगळ्यांसाठी वालाची उसळ करून आणली होती, आणि आधी स्वतःच्या ताटात वाढून घेतली.